भावाची डावी टाच

सोमवार, ६ फेब्रुवारी

प्रारंभीच क्षमा मागते. रोजनिशी लिहावी ती ज्यांच्या दिवसांत काही घडते त्यांनी. माझ्या दिवसांत आजवर केवळ पाठ्यपुस्तके घडली. असे असता मी लेखणी उचलावी हे धाडसच. ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही, त्यामुळे क्षमा नेमकी कोणाची मागते आहे हेही स्पष्ट नाही. तरी मागून ठेवते. शिष्टाचार सुटू नये.

आजपासून पदव्युत्तर क्लिनिकल प्रशिक्षण. पहिले सहा आठवडे: शुश्रूषेची मूलतत्त्वे. शीर्षक वाचून किंचित हसू आले. टोंगाच्या हापाई बेटांवरच्या गावच्या शाळेत, आमच्याच भाषेत शिकून, राजधानीतल्या इंग्रजी शाळांच्या मुलींना मागे टाकून मी पदवीला पहिली आले. मधुमेहातील रक्ताभिसरणावरचा माझा निबंध कॉलेजच्या फलकावर महिनाभर होता. आणि आता माणसाचे तोंड कसे पुसावे, हे शिकायचे!

वॉर्ड पुरुषांचा. इन्चार्ज एसेताबाई, नोकरी एकतीस वर्षे, पंजे सुपाएवढे. मला आणि माझ्याच वर्गातल्या पेलेनाइसेला त्यांनी एकेक लॉगबुक दिले. त्यात अठ्ठावीस मुद्दे. प्रत्येकापुढे बाईंची सही हवी. सर्व सह्या झाल्या की नेमणूक. मुद्दा चार: संपूर्ण स्पंजिंग, पाठ, माकडहाड व टाचा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. बाई म्हणाल्या, पुस्तकं घरी ठेवा पोरींनो, नि बाह्या वर करा. रोग्याची कातडी वाचता आली, तर तुम्ही शिकलात म्हणायचं.

संकल्प: मुद्दा चार उद्याच पूर्ण करणे.

(सहा खाटा. सहा अनोळखी पुरुष. प्रत्येकाला अंग आहे.)

बुधवार, ८ फेब्रुवारी

काल जमले नाही. काल चादरींच्या घड्यांत वेळ गेला. घड्या उत्कृष्ट झाल्या.

आज खाट दोन. सत्तरीचे गृहस्थ. टॉवेल घेऊन उभी राहिले. तो तीनदा पिळला, पाणी जास्त होते म्हणून. इतक्यात त्यांनी गाव विचारले. सांगितले. ते आनंदून म्हणाले, अगं, मग तू आमच्या धाकट्या मेहुणीच्या घरची कोणीतरी! उभ्या उभ्या मनात मांडणी केली. तीन पिढ्या वर जाऊन हे माझे मामेभाऊ लागतात.

बहिणीने भावाच्या अंगाला हात लावायचा नाही, त्याच्या अंथरुणावर टेकायचे नाही, त्याच्या देहाविषयी एक शब्द बोलायचा नाही, आणि इतर कोणी तिच्यासमोर तो काढायचा नाही. सख्खा, चुलत, मामे, मावस. भाऊ तो भाऊ. टोंगात हे शेंबड्या पोराला ठाऊक असते. मी टॉवेल खाली ठेवला आणि बाईंना तसे सांगितले. नात्यापुढे कोण काय बोलणार! त्यांनी पेलेनाइसेला पाठवले.

फार हलके वाटले. परंपरेविषयीच्या आदरामुळे.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

सहांपैकी तीन खाटांवर भाऊ निघाले. वंशावळीचा तक्ता तयार केला. तळटिपांसह दीड पान. असा तक्ता वॉर्डात आजवर कोणी केला नसेल.

पेलेनाइसे म्हणाली, काय गं लोसा, तुझ्या आजोबांचं गलबत होतं का? एकेक बेट घेत गेलेले दिसतात. आणि तोंड दाबून हसली. तिच्या चौदा सह्या झाल्या आहेत. तिला पदवीला दुसरा वर्ग होता, हे येथे केवळ नोंद म्हणून.

बाईंनी ड्यूटी सुटताना थांबवले. म्हणाल्या, माझेही भाऊ येतात इथं. मी नातं दाराशी काढून ठेवते, चपलेसारखं. घरी जाताना परत पायात घालते. तू काय करतेस? मी विनयाने खाली पाहिले. त्यांच्या पिढीत परंपरेचे गांभीर्य थोडे उणावलेले दिसते.

सोमवार, १३ फेब्रुवारी

खाट चारवर नवीन रुग्ण. इनोके. वय अठ्ठावन्न. एका कॉलेजात तीस वर्षे बँडमास्तर. तुताऱ्यांपुढे ताल देत चालणारा माणूस. पक्षाघाताने डावी बाजू गेलेली, साखर जुनी. डाव्या पायाला स्पर्श कळत नाही. उजवा हात मात्र खाटेच्या कठड्यावर सारखा ताल धरतो. सोबत पत्नी सालोमे आणि तिशीचा मुलगा हेनेली. खाटेखाली चटई अंथरून राहणार.

बाई म्हणाल्या, हा रोगी तुझा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याला स्वतः हलता येत नाही. दर दोन तासांनी कूस, रोज स्पंजिंग, आणि टाचांवर डोळा.

मी टॉवेल घेतला. इनोके यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे. त्यांची मान लाल झाली होती. तेव्हा मीच विचारले, की तुमच्या मातोश्री हापाईच्या ना?

ते क्षणभर माझ्या हातांकडे पाहत राहिले. मग जड जिभेने म्हणाले, असतील. म्हणतात तसं.

मग आपण बहीण-भाऊ, मी म्हणाले.

सालोमे चटईवरून उठली आणि रडू लागली. इनोके यांना एकच बहीण, ती नऊ वर्षांची असताना तापाने गेली. सालोमे म्हणाली, पन्नास वर्षं या घराला बहीण नव्हती हो वन्सं! लग्नात, मर्तिकात, मानाच्या चटईवर बसायला कोणी नव्हतं. आणि आज देवानं दारात आणून उभी केली.

मला वन्सं म्हणाली. तिचे वय पंचावन्न, माझे तेवीस.

स्पंजिंग सालोमेनेच केले.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

शास्त्रशुद्धतेसाठी आईला फोन केला. आई म्हणाली, कोण इनोके? बँडवाला? त्या घराशी आपलं कधी येणं-जाणं नव्हतं गं. मी विचारले, अगदी वरच्या पिढीत? आई म्हणाली, वरच्या पिढीत काय असेल ते देव जाणे, मला मासे साफ करायचेत.

आईने वरच्या पिढीतील संबंधाची शक्यता मान्य केली. तक्त्यात रेघ पक्क्या शाईने ओढली.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

बहीण भावाहून मोठी, आणि भावाच्या मुलांना आत्याहून मोठे कोणी नाही. हे पुस्तकातही आहे आणि आमच्या घरातही. पण तो मान स्वतःला मिळताना कसे वाटते, हे मला ठाऊक नव्हते. घरी मी सर्वांत धाकटी, आणि भाऊ नाहीत.

दुपारी हेनेलीने चटईच्या मानाच्या टोकाला मला बसवले. पहिले ताट माझे: नारळाच्या दुधात शिजलेला पाला, खारे मांस, सुरण. मी घास घेईपर्यंत कोणी जेवेना. हेनेलीचा आवाज बँडच्या ढोलासारखा, पण माझ्याशी बोलताना तो मान खाली घालून पुटपुटतो. त्याची लहान मुलगी माझ्यापुढून जाताना वाकून गेली.

जन्मात मला पाहून कोणी वाकले नव्हते.

लॉगबुकात मुद्दा एकवीस, "रुग्ण व कुटुंबाशी विश्वासाचे नाते", यापुढे बाईंनी सही केली.

रविवार, १९ फेब्रुवारी

सुटी. चर्चमध्ये माझ्या घरमालकिणीने विचारले, आज मान ताठ का गं तुझी, लचकली का? कुटुंबात काही जबाबदाऱ्या आल्या आहेत, असे सांगितले.

दुपारी हेनेली दारात. उमूतून, जमिनीतल्या भट्टीतून, काढलेले डुकराचे मांस, केळीच्या पानात, अजून वाफाळते. म्हणाला, आत्याचा वाटा. आणि गेला.

बुधवार, २२ फेब्रुवारी

मुद्दा चारवर मी उपाय शोधला आहे. "पडद्याआडची पद्धत" असे नाव दिले.

पडदा ओढायचा. आत सालोमे. बाहेर मी, पाठमोरी, पुस्तक उघडून. मी पायरी वाचते, ती करते. प्रत्येक पायरीनंतर विचारते. आज विचारले, पाठ पाहिलीत? हो वन्सं. टाचा? हो वन्सं. बऱ्या आहेत? देवाची कृपा, वन्सं. मग चार्टवर "त्वचा अखंड" या चौकटीत खूण. कूस बदलणे हेनेली करतो. मी घड्याळ पाहून वेळ सांगते. एकदाही दोन मिनिटांपेक्षा जास्त उशीर नाही.

नाते पाळले गेले आणि नर्सिंगही झाले. वाटल्यास यावर एक लेख लिहिता येईल.

पेलेनाइसे पलीकडच्या खाटेवर एका म्हाताऱ्याची पाठ चोळत होती. ओरडून म्हणाली, लोसा, रेडिओवर लाग गं, आवाज छान आहे.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

सालोमे चादरींच्या कपाटापाशी आली. वन्सं, एक सांगायचं होतं, म्हणाली. त्यांच्या, म्हणजे काल बघते तर... आणि थांबली. मान खाली. कानाच्या पाळ्या लाल. मी वाट पाहिली. शेवटी म्हणाली, काही नाही. लेकीनं ऑकलंडहून लोकरीचे मोजे पाठवलेत, घालू का त्यांना?

अवश्य, मी म्हणाले. उबेमुळे पायाचे रक्ताभिसरण सुधारते. फलकावरच्या निबंधाची थोडी माहिती दिली. ती हात जोडून ऐकत होती. जाताना पुन्हा एकदा वळली, पण बोलली नाही. माझ्याविषयीच्या आदराने तिला शब्द सुचत नसावेत.

सोमवार, २७ फेब्रुवारी

प्रशिक्षण विभागाच्या बाई पाहणीला आल्या. माझा चार्ट सर्वांना दाखवला. म्हणाल्या, हे बघा, याला म्हणतात नोंद! एक चौकट रिकामी नाही, एक खाडाखोड नाही. चौदा दिवस, चौदा खुणा.

एसेताबाई म्हणाल्या, चार्ट देखणा आहे. रोगी कसा आहे?

मत्सर थोरांनाही सुटत नाही.

मुद्दा चारची सही मागितली. बाई म्हणाल्या, मी तुझे हात ओले पाहिलेले नाहीत अजून.

गुरुवार, २ मार्च

खाट चारपाशी वास. डब्यातील मासळी असावी. खिडकी उघडली. सालोमेला डबे झाकून ठेवण्याविषयी सौम्य शब्दांत सांगितले. तिने माझ्याकडे असे पाहिले, की मला वाटले ती पुन्हा रडणार.

पेलेनाइसेने जेवणाच्या सुटीत बाजूला घेतले. या वेळी हसत नव्हती. म्हणाली, लोसा, तो वास डब्याचा नाही गं. तू एकदा आत जा. तुला जमत नसेल तर मी जाऊ? मी म्हणाले, माझ्या भावाला परक्या मुलीने पाहावे हे मला प्रशस्त वाटत नाही. तिने डबा अर्धवट झाकला आणि वॉर्डात परत गेली.

शनिवार, ४ मार्च

इनोके यांना ताप. १०२. कठड्यावरचा ताल थांबला आहे. डॉक्टरांनी छाती तपासली, लघवी तपासायला पाठवली, माझा चार्ट वरून खाली पाहिला आणि "त्वचा अखंड" वाचून पुढे गेले.

त्यांनी माझ्या नोंदीवर विश्वास ठेवला. एरवी याचा अभिमान वाटला असता.

रविवार, ५ मार्च

सुटी. प्रार्थनेत लक्ष नाही. बरेच वाचले. मधुमेही रुग्णाच्या प्रकरणात मोज्यांविषयी एक परिच्छेद आहे. तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचला नाही.

संकल्प: उद्या मोजे मी स्वतः काढीन. मोजा म्हणजे अंग नव्हे. त्याला परंपरेची हरकत नसावी.

सोमवार, ६ मार्च

सात वाजता पोहोचले. पडदा आधीच ओढलेला होता. आत एसेताबाई. मला हाक मारली. आत गेले.

उजवा मोजा खाली पडला होता. डावा निघत नव्हता. लोकर चिकटली होती. बाईंनी कोमट पाण्याने भिजवून भिजवून सोडवली.

टाच काळी. लिंबाएवढी जागा. कडा ओल्या. मध्ये बाईंनी बोट लावले, तर ते मऊ आत गेले. इनोके छताकडे पाहत होते. त्यांना काही कळत नव्हते. पाय त्यांचा असून.

बाई ओरडल्या नाहीत. विचारले, हे किती दिवसांचं? मी चार्ट उघडला. बाई म्हणाल्या, चार्टला नाही विचारत. तुला विचारते.

नंतर व्हरांड्यात सालोमे बाईंना सांगत होती. मी कपाटाच्या आड होते. तिने फोड तेवीस फेब्रुवारीलाच पाहिला होता. म्हणाली, पाण्याचा फोड होता हो, पावलीएवढा. सांगायला गेले होते. पण नवऱ्याच्या अंगाचं त्याच्या बहिणीपुढे कसं काढू? जीभ रेटेना. म्हणून मोज्यात झाकलं. म्हटलं, वाळेल.

म्हणजे दोष पद्धतीचा नाही. संवादात त्रुटी राहिली, असे म्हणता येईल.

बाईंनी एक पानाचे निवेदन मागितले आहे. काय पाहिलं आणि काय नाही, एवढंच लिही, म्हणाल्या. आठवडाअखेरपर्यंत.

गुरुवार, ९ मार्च

निवेदनाचा पहिला मसुदा: चार पाने, अकरा संदर्भ. त्यात शय्याव्रणाचे, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांचे, वर्गीकरण फार चांगले उतरले आहे. इनोके यांचे नाव राहून गेले.

ड्रेसिंग बाई स्वतः करतात. मी ट्रे धरते. पाहते. आता पाहते.

शनिवार, ११ मार्च

दुसरा मसुदा: परंपरा आणि आधुनिक शुश्रूषा यांतील ताण. तीन पाने. बाईंनी पहिली चार वाक्ये वाचून परत दिला. म्हणाल्या, यात टाच कुठाय?

हेनेली अजून पहिले ताट मलाच आणतो. नाकारले तर त्यांचा अपमान होईल, म्हणून खाते.

मंगळवार, १४ मार्च

हाडापर्यंत गेले आहे. सर्जन म्हणाले, गुडघ्याखालून पाय काढायचा, याच आठवड्यात. नाहीतर माणूस जाईल. शुक्रवारी सकाळी टेबल रिकामे आहे.

बुधवार, १५ मार्च

अकरा माणसे चटयांवर. इनोके यांचे दोन चुलते, चर्चचे पाद्री, लेक ऑकलंडहून फोनवर. मला मध्ये बसवले. सगळे माझ्याहून एक हात मागे.

धाकटा चुलता म्हणाला, पाय काढलेला माणूस बँडपुढे कसा उभा राहणार? थोरला म्हणाला, गप रे, मेलेला माणूस कसा उभा राहतो ते सांग आधी. बराच वेळ असे चालले. मग पाद्री म्हणाले, आपण कशाला भांडतोय? घरात बहीण आहे.

हेनेली गुडघ्यांवर पुढे सरकला. संमतीचा कागद आणि पेन त्याने माझ्यापुढे चटईवर ठेवले. खाली पाहूनच म्हणाला, आत्या, बाबांच्या रक्ताचं मोठं माणूस तू. तू म्हणशील तसं. पाय काढ म्हणालीस तर काढू. नको म्हणालीस तर बाबांना घरी नेऊ, आणि जे होईल त्याला तुला कोणी कधी विचारणार नाही.

मी म्हणाले, उद्यापर्यंत विचार करते. सगळ्यांनी मान डोलावली. थोरला चुलता म्हणाला, बघा, किती पोक्त आहे.

चादरींच्या कपाटात जाऊन बसले. तेथे पेलेनाइसे आली. तिने दार लोटून घेतले आणि बाहेर उभी राहिली, कोणी येऊ नये म्हणून.

संमती मी दिली तरी वैद्यकीयदृष्ट्या निर्णय योग्यच ठरेल. पाय काढणे हाच उपाय आहे. मी सही केली तर कोणाचे काहीच बिघडत नाही. मग सांगण्याची आवश्यकता काय?

हे वाक्य लिहिल्यावर वंशावळीचा तक्ता काढून पाहिला; पक्क्या शाईची ती रेघ खोडता येत नाही.

गुरुवार, १६ मार्च

दुपारी गेले. तेच अकराजण. मानाच्या टोकाला जागा ठेवली होती. बसले नाही. उभी राहिले, जे वडीलधाऱ्यांपुढे करू नये.

सांगितले, की मी यांची बहीण नाही. मला पुरुषांच्या अंगाला हात लावायची भीती वाटते, लाज वाटते. भाऊ म्हटले की हात लावावा लागत नाही, हे मला कळले होते. तुमच्या आधी तिघांना भाऊ केले. एकवीस दिवस मी टाच पाहिली नाही, आणि रोज पाहिली असे लिहिले.

सगळे मनात नीट बांधून नेले होते. तोंडातून तुटक तुटक आले.

कोणी ओरडले असते तर बरे झाले असते. धाकटा चुलता चटईचा धागा उसवत बसला. फोनमधून लेक विचारत होती, काय म्हणाली ती? मम्मी, काय म्हणाली ती?

हेनेलीने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले. त्याचे डोळे वडिलांसारखे आहेत, हे मला ठाऊक नव्हते. म्हणाला, माझी पोरगी तुझ्यापुढून वाकून जायची. एवढेच म्हणाला आणि बाहेर गेला.

इनोके खाटेवरून म्हणाले, माझी आई न्युआची, पार उत्तरेच्या बेटावरची. हापाईला तिने पाय ठेवला नाही कधी. जीभ जड, पण शब्द स्पष्ट. म्हणाले, मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. परक्या पोरीकडून धुऊन घ्यायची मलाही लाज वाटत होती. तू बहीण म्हणालीस, मी सुटलो.

मग त्यांनी उजवा हात पुढे केला. म्हणाले, कागद इकडे द्या. पाय माझा आहे. आणि सही केली. सर्वांसमोर, थोरल्या चुलत्याने कागद धरला होता.

सालोमे एवढा वेळ भिंतीशी होती. सगळे उठल्यावर माझ्यापाशी आली. मला वाटले मारील. तिने नुसते विचारले, म्हणजे तू आमची कोणीच नव्हतीस? मी नाही म्हणाले. ती म्हणाली, मग त्या दिवशी कपाटापाशी तुला सांगायला काहीच हरकत नव्हती.

रागाने नाही. हिशेब लागत नसला की माणूस जसे पुन्हा मोजून पाहते, तसे म्हणाली. मग परत एकदा म्हणाली, काहीच हरकत नव्हती गं.

शुक्रवार, १७ मार्च

सकाळी सहाला बाईंनी बोलावले. ऑपरेशनपूर्वीचे स्पंजिंग. म्हणाल्या, रोगी तुझा. शेवटपर्यंत, असं म्हटलं होतं मी.

पडदा ओढला. आत मी. सालोमे बाहेर, पाठमोरी.

तोंड, मान, छाती, हात, पाठ. मग पाय. दोन्ही. इनोके डोळे मिटून होते. पहिला टॉवेल छातीवर टेकवला तेव्हा दचकले. म्हणाले, गार आहे. पाणी गार होते. आणताना हात घालून पाहिले नव्हते. मी सॉरी म्हणाले, बदलून आणते म्हणाले. ते म्हणाले, राहू दे, आटप.

पाठीवर उजव्या खांद्याखाली जुना व्रण आहे. माकडहाडापाशी लाल, दाबल्यावर पांढरे होते. म्हणजे अजून बरे आहे. उजवी टाच चांगली. डावी टाच धुतली नाही, ड्रेसिंग होते. तो पाय घोट्यापर्यंतच धुतला.

चार्टवर हे लिहिले. अक्षर चांगले आले नाही, हात ओले होते.

आठ वाजता नेले. पावणेअकराला आणले. श्वास, नाडी ठीक. चादर डावीकडे सपाट आहे. हेनेली खाटेपाशी बसला आहे. मी ताप पाहायला गेले की उठून बाहेर जातो. मी तेथे असेपर्यंत परत येत नाही, म्हणून ताप पाहायचे काम पेलेनाइसेने घेतले.

आज सहा आठवडे पूर्ण. बाईंनी लॉगबुक उघडले. मुद्दा चारपुढे सही केली नाही. मी मागितली नाही. खाली लिहिले: प्रशिक्षण सहा आठवडे वाढवावे, सुरुवात पहिल्यापासून. मग निवेदन मागितले.

तिसरा मसुदा होता. एकच पान, बाईंना हवे होते तसेच. त्यातही "कुटुंबाने माहिती वेळेवर दिली नाही" असे एक वाक्य आहे. ते मी कधी लिहिले, मला आठवत नाही. फाडला.

काय पाहिले आणि काय नाही, ते या वहीत आहे. दुसरीकडे कुठे नाही. पहिल्या पानापासून एकेक पानाचे फोटो काढले आहेत. काही खोडलेले नाही. हे पान संपले की याचाही काढते.

एसेताबाई आणि प्रशिक्षण विभाग, दोघांना पाठवले: शुक्रवार, १७ मार्च २०२३, दुपारी ३ वाजून ५२ मिनिटे.